खळीचा वास

कडक खळ दिलेल्या सुती साडीचा वास आला की मला सक्करदऱ्याच्या विणकर वस्तीतली ती दुपार आठवते. माझ्या पहिल्या कादंबरीला वर्ष झालं होतं, पण पुस्तकविक्रीच्या वेबसाइटवर तिला एक स्टार नव्हता की कुणाची एक ओळ नव्हती. आता लिहायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात एका अनोळखी म्हाताऱ्या विणकर बाईंनी नातीकडून फोन करवून मला घरी बोलावलं. नातीने त्यांना अख्खं पुस्तक वाचून दाखवलं होतं. बंद हातमागाशेजारी मला बसवून कडक खळीच्या सुती साडीतल्या त्या म्हणाल्या, "पुस्तकातली बाई मागावर बसून गाणं म्हणून राहिली, ते काहून? इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याचा आवाज बदलला की धागा तुटला समजते. गात बसलं तं ते ऐकू कसं येईन?" मग त्यांनी माझा हात धरला. "पण नवऱ्यानं माग विकला तवा ती जशी गप बसली, ते खरं आहे. ते तुले कोनं सांगतलं वं?" मला कोणीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लिहायला बसले. आज त्या पुस्तकावर बरेच स्टार आहेत. त्यात त्यांचा एकही नाही, त्यांना मोबाइल चालवता येत नव्हता. पण अजूनही लिहिताना समोर त्याच कान देऊन बसलेल्या असतात.