शालनचा निरोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका फक्त.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी कारेगावजवळच्या एका वाडीत नर्स होते. तिथल्या शालन नावाच्या एका सुनेच्या सासरच्यांच्याच खोलीत राहायचे, पाणीही त्यांच्याच बोअरचं. सासू फटकळ, पण मला ‘बाई, बाई’ करायची. आणि मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

शालनला सातवा महिना होता, दुसरी खेप. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी — आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. माहेरचं कुणी न्यायला आल्याशिवाय सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही, हीसुद्धा. तपासणीला सासू नेहमी सोबत असायची. एक दिवस शालन एकटीच आली. झोप नाही, जेवण जात नाही म्हणाली. मी हसून म्हटलं, डोहाळे गं — अशी मी शहाणी. मग ती हळूच म्हणाली, “बाई, मला जगूच वाटंना. आईला निरोप धाडा, म्हणावं मला घिऊन जा.”

तिचं माहेर दौंडला, रेल्वे कॉलनीत. शेजाऱ्यांचा फोन नंबर तिनं गोळ्यांच्या पाकिटावर लिहून दिला. मी हो म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मीटिंगला शिरूरला गेले. स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर उभीही राहिले. पण सासूला कळलं तर? खोली जाईल, गावभर माझ्या नावानं शिमगा होईल. रांग सोडली, चहा प्यायले आणि गाडी धरली.

शालननं एकदाच विचारलं, निरोप गेला का. मी म्हटलं — गेला.

गेला! म्हणजे ती वाट बघत राहिली ना? पंधरा दिवस येता-जाता मला ओट्यावर दिसायची, नजर रस्त्याकडे. मग एका दुपारी विहिरीवर गेली, ती परत आली नाही. पोटातल्या जिवासकट.

तिची आई आली तेव्हा रडतही नव्हती. माझा हात धरून म्हणाली, “बाई, तुमच्याकडं येत व्हती. कवा काय बोलली का वो?”

“न्हाई,” मी म्हणाले.

“माझ्या पोरीनं मला एक हाक मारली न्हाई. हातातलं टाकून आले आस्ते.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.