कोरड्या नदीत साईंचा अखो

घरी पंखा आहे, नळाला पाणी आहे, झोपायला गादी आहे, असा माणूस पैसे भरून वाळवंटात जातो, पाय भाजून घेतो, जमिनीवर झोपतो आणि परत येऊन चार लोकांना सांगतो की मजा आली. त्याला हौस म्हणतात. आमच्या गावाकडं हेच सगळं फुकट होतं. त्याला आम्ही दुष्काळ म्हणायचो.

असल्या सहलीला मी आयुष्यात एकदाच गेलो. तेही माझ्या हौसेनं नाही.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझ्या समोरच्या दारात एक सिंधी राहतो. माझ्याच बरोबरीचा. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होतो, त्याचं कपड्याचं दुकान. मी त्याला साईं म्हणतो, तो मला भाऊ म्हणतो. फाळणीत तो आईचं बोट धरून इकडं आला. त्यांचं गाव नदीकाठी, आणि नदीच्या पलीकडं नुसती वाळू. ते लोक नदीला अखो देतात, म्हणजे तांदूळ, साखर, वेलची पाण्यात सोडतात. निघायच्या गडबडीत त्याच्या आईचा अखो राहून गेला. म्हणाली, परत आल्यावर देईन. परत कोण येतंय? म्हातारी इथंच बराकीत गेली, आणि जाईपर्यंत तेच म्हणत राहिली, माझा अखो राहिला.

साईं आपला स्वतःचा अखो दरवर्षी उल्हास नदीला देतो. मी त्याला चिडवायचो, त्यातच आईचाही टाकून मोकळा हो की. तर म्हणायचा, "वो अलग है भाऊ." तिकडं जायची परवानगी काही त्याला मिळाली नाही. मग डॉक्टरनं छातीचं काहीतरी सांगितलं आणि ह्यानं घोकायला सुरुवात केली. वाळूतून वाहणारी कुठलीही नदी चालेल, पण आता जायलाच पाहिजे.

त्याच्या मुलानं कुठूनसा एक रंगीत कागद आणला. राजस्थानात नदीकाठानं चालायचं, हरणं बघायची, तंबूत राहायचं. कागदावर निळंशार पाणी, बाजूला वाळू. पण अट अशी की साठीच्या वरच्या माणसाबरोबर कुणीतरी पाहिजे. मुलाचा लग्नसराईचा धंदा. तो मला म्हणाला, "अंकल, आप जाओगे पापा के साथ?" आणि वर विचारतो, "आपसे चलना हो पाएगा ना?"

दुसरा प्रश्न त्यानं विचारला नसता तर मी गेलो नसतो.

तिथं पोचलो तर नदी नाही. पांढरी वाळू, रुंद, आमच्या विठ्ठलवाडी डेपोसारखे चार डेपो मावतील एवढी, आणि दोन्ही काठांना काटेरी झुडपं. साईं जीपमधून उतरला आणि नुसता बघत राहिला. हातात अखोचा स्टीलचा डबा. डबा त्यानं गाडीत कुणालाच धरू दिला नव्हता, मलाही नाही.

सहलीचा म्होरक्या ठाण्याचा होता. मोठ्या काठाची टोपी, गळ्यात दुर्बीण, विजारीला जागोजागी खिसे. मी विचारलं, "नदी कुठाय?"

"काका, हीच नदी. सीझनल रिव्हर आहे. पावसाळ्यात पाणी असतं."

"मग कागदावर?"

"तो रेप्रेझेंटेटिव्ह फोटो आहे, काका."

असा शब्द तोंडावर मारला की अडाणी माणूस गप्प बसतो असा ह्या लोकांचा समज असतो. मी गप्प बसलो नाही. तेव्हा त्यानं सांगितलं की वर एक डोह आहे, उन्हाळ्यातही आटत नाही, जनावरं पाण्याला येतात. उद्या सकाळी सगळे चालत तिकडंच जाणार. "पण तुम्ही दोघं कॅम्पवर आराम करा."

"आम्ही आराम करायला आलो नाही," मी म्हणालो.

तंबू आमच्या मोरीएवढा. आत शिरायचं तर रांगत जायचं. बाकीचे लोक शेकोटीभोवती बसून आकाशाकडं बोट दाखवत तारे तारे करत होते. ह्यांना घरी गच्ची नसावी.

सकाळी निघालो. दगडांवर पिवळ्या रंगाचे बाण काढले होते. नदीच्या पात्रातून चालताना वाट चुकायला काय लागतं, देव जाणे. लोकांच्या हातात दोन-दोन काठ्या, अंगाला कोऱ्या बुटांचा वास. एक हरीण दिसलं. चिंकारा म्हणे. शेळीपेक्षा थोडं बारीक. सगळे जागच्या जागी बसले, तोंडावर बोटं, क्लिक क्लिक. एक बाई डोळे पुसत होती. हरणानं आमच्याकडं बघितलं आणि मुतलं. मला ते जनावर आवडलं.

साईं मात्र हळूहळू मागं पडायला लागला. वाळूत पाय रुततो, छाती भरून येते. शेवटी एका काठाच्या सावलीला तो बसला तो उठेना. टोपीवाला मागं आला.

"अंकलना परत पाठवू. उंटगाडी बोलावतो."

"डोह किती लांब?"

"अजून बराच आहे, काका. यांना झेपणार नाही."

साईंनं डबा मांडीवर घेतला होता. मी टोपीवाल्याला म्हणालो, तुम्ही पुढं व्हा, येताना आम्हाला घ्या. तो कुरकुरला, पण पुढच्यांना हरणं बघायची घाई होती. गेले.

आता मी काही भगत नाही. वडलांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. त्यानंतर आम्ही कुठल्या नदीकडं काही मागितलं नाही, कुठल्या देवापुढं हात पसरले नाहीत. पण माणूस एवढा लांब आला आणि त्याला उंटगाडीत घालून परत न्यायचं, हे मला पटेना. आमच्या गावाकडं नदी आटली की बाया पाण्यासाठी पात्रात झिरे खणायच्या. मी डब्याचं झाकण मागितलं.

"किस लिए?"

"दे तर."

पहिला खड्डा कोपरापर्यंत खणला. कोरडा ठाक. साईं बघत होता. त्याला जरा दम आला तसं तोंड सुरू झालं.

"भाऊ, कबर खोद रहा है क्या? माझी असेल तर थोडी लांब कर."

"तुझ्या पोटाच्या मापानं खणायला जेसीबी लागेल."

दुसरा खड्डा वळणाच्या आतल्या अंगाला, काठाखाली घेतला. आधी वाळू गार लागली, मग ओली. पालथा पडून बगलेपर्यंत हात घालून उपसली. वाळू सारखी ढासळून आत येत होती, ती परत काढायची. कंपनीत साहेब मला म्हणायचे, हा माणूस मशीन सुधरेपर्यंत जेवत नाही. शेवटी तळाला पाणी आलं. गढूळ, तळहात बुडेल एवढं.

साईं सरकत आला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. "खारा है."

"तुझ्या गावची नदी गोड होती?"

"मैं छोटा था. मला काय आठवतं? माँ बोलती थी, मीठा."

मग त्यानं नवीनच काढलं. अखो वाहत्या पाण्यात देतात, हा तर खड्डा आहे. मी आधीच वाळूनं माखलेलो, डोकं तापलेलं. म्हणालो, "वाहतंच आहे. खालून."

"तुला कसं माहीत?"

"मग हा भरला कसा? मी काय बाटलीतलं ओतलं?"

त्याला ते पटलं. पण अखो दिला की पल्लव घालतात, म्हणजे कपड्याचं टोक दोन्ही हातांनी पुढं पसरून मागणं मागतात. ह्याच्या अंगात मुलानं घेऊन दिलेलं चेनचं जाकीट. त्यानं माझ्या खांद्यावरचा टॉवेल मागितला. तो दिला. मग म्हणाला, एक टोक तू पकड, मला एकट्याला धरवत नाही.

"मी नाही पकडणार. माझा बाप वरून बघतोय."

तेवढ्यात मंडळी परतली. टोपीवाल्यानं खड्डा बघितला, डब्यातले तांदूळ बघितले.

"काका, हे काय? ट्रेलवर खायचं काही टाकायचं नाही, जनावरांना सवय लागते. आणि हा खड्डा आधी बुजवा." असं म्हणून बुटानं वाळू लोटायलाही लागला.

साईं आयुष्यभर गिऱ्हाइकाला, शिपायाला, सगळ्यांना हो म्हणत आलेला माणूस. त्यानं झाकण लावायला घेतलं. "जाने दे, भाऊ. रूल है इनका."

ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी खड्ड्याच्या काठावर टोपीवाल्याच्या बुटासमोर फतकल मारून बसलो.

"तुझ्या कागदावरचं निळं पाणी आधी दाखव. मग हे बुजव."

"काका, समजून घ्या..."

"साईं, उघड डबा."

साईंनं झाकण परत काढलं. टॉवेल त्याच्या मांडीवरून घसरत होता. मी त्याचं एक टोक घट्ट धरलं. पाण्यासाठी नाही आणि देवासाठीही नाही. त्या टोपीला दिसावं म्हणून धरलं.

साईंनं अखो सोडला. दुसरं टोक हातात घेतलं, डोळे मिटले आणि सिंधीत बोलायला लागला. मला दुकानातली सिंधी कळते, ही कळली नाही. एवढं कळलं की तो आईशी बोलत होता आणि तिला बरंच काही सांगायचं होतं. एकानं कॅमेरा वर केला, त्याच्याकडं मी असं बघितलं की त्यानं तो खाली घेतला.

थोड्याशा पाण्यात साखर विरघळायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती सगळी कोऱ्या बुटांची माणसं उन्हात उभी राहिली. तांदूळ तळाला बसले. साईंनं टॉवेलनं तोंड पुसलं.

मग मी टोपीवाल्याला म्हणालो, "आता बुजव."