दत्ताचं बोलणं

“भावजी, ह्यांचं संपलं…” सुमनवहिनींनी फोनवर एवढंच सांगितलं. मी केडगावला पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि आत दत्ता गप्प पडला होता. त्याच्या गप्प असण्याची आम्हाला इतकी सवय झाली होती, की रडू यायलाही वेळ लागला.

कर्जतच्या शाळेत आम्ही बरोबर नोकरी केली. तो भूगोल शिकवायचा आणि त्याचा आवाज माझ्या वर्गापर्यंत यायचा. निवृत्तीनंतर स्नायूंच्या आजाराने आधी त्याचे हातपाय नेले, मग जीभ. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. त्या बोटाने तो कॉम्प्युटरवर एकेक अक्षर उमटवायचा आणि कॉम्प्युटर ते बोलून दाखवायचा. एका दुपारी तो वहिनींना काहीतरी लांबलचक सांगायला बसला होता. वाक्य पुरं होत आलं आणि लाईट गेली. सगळं पुसलं गेलं. लाईट आल्यावर वहिनी म्हणाल्या, “परत लिवा की.” त्याने डोळे मिटून घेतले…

म्हणून मी लाईट गेली तरी बॅटरीवर वीज देत राहणारा यूपीएस आणला. जोडून, चालतो का ते बघायला लगेच भिंतीवरचं बटण बंद करायला निघालो, तर कॉम्प्युटर बोलला, “थांब. आधी चार्ज होऊ दे.” दुसऱ्या दिवशी त्याने यूपीएसला कॉम्प्युटरऐवजी टेबललॅम्प लावायला सांगितला. “फसलं तर दिवा विझेल, मी नाही.” प्लग उपटायचा नाही, भिंतीवरचं बटणच बंद करायचं, म्हणजे अर्थिंग तुटत नाही, हेही त्यानेच बजावलं. बटण बंद केलं. यूपीएस बीप-बीप करू लागला, दिवा जळत राहिला. “लई झ्याक हाय की ओ!” वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या. मग सगळं सेव्ह करून कॉम्प्युटर जोडला, पुन्हा बटण बंद केलं. स्क्रीन तशीच उजळ राहिली.

त्यानंतर लाईट कितीदा तरी गेली, यूपीएस एकदाही फसला नाही. बोट मात्र थकत गेलं. शेवटी ते एकाच अक्षरावर पडून राहायचं आणि कॉम्प्युटर तेच अक्षर म्हणत सुटायचा. वहिनी हलकेच बोट उचलून बाजूला ठेवायच्या. सगळं पुसलं गेलं त्या दुपारी काय सांगायचं होतं, असं त्यांनी अनेकदा विचारलं. तो नुसता बघत राहायचा.

मागच्या आठवड्यात गेलो, तेव्हा खोलीतली खाट हलवली होती. कॉम्प्युटर तिथेच होता. “कुणाला देऊन टाकायचा का?” मी विचारलं.

“न्हाई,” वहिनी म्हणाल्या. मग खुर्ची ओढून त्या समोर बसल्या आणि चाचपडत, एका बोटाने स्वतःचं नाव लिहिलं.

“सुमन,” कॉम्प्युटरने हाक मारली.

वहिनींनी ओ दिली नाही.