पटावरची वीस मुलं

आठवी मराठीच्या वर्गात इंदुमतीबाई रोज वीस नावं पुकारत आणि समोर चौदा मुलं बसलेली असत.

उरलेली सहा गेली होती. कुणी औरंगाबादला, कुणी नांदेडला, एक परभणीला. नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले, सरकारी कचेऱ्यांतल्या मराठी माणसांना मुंबई राज्यात जाण्याचे हुकूम निघाले, आणि काचीगुड्याच्या स्टेशनावर मनमाडच्या गाडीत पाटे-वरवंटे, शिवणयंत्रं आणि रडवेली पोरं चढू लागली. जूनमध्ये पटावर सत्तावीस नावं होती. मूल गेलं की पालकांची चिठ्ठी बाईंकडे येई आणि बाई तांबड्या शाईनं ते नाव खोडत. अशी सात नावं त्यांनी खोडली.

मग डिसेंबरात शाळेच्या मंडळाचं पत्र आलं. शाळेत मराठीचा हा एकच वर्ग उरला होता. फेब्रुवारीअखेर पटावर वीस मुलं असली तर जूनपासून तो नववी म्हणून चालेल, नसली तर बंद होईल, आणि बाईंची नोकरीही त्याच्याबरोबर संपेल. पत्र आलं त्या दिवशी पट बरोबर वीस होता. पुढची चिठ्ठी आठवडाभरात आली. बाईंनी ती वाचली आणि टेबलाच्या खणात टाकली. दुसऱ्या दिवशी ते नाव त्यांनी नेहमीसारखं पुकारलं, मूल उत्तर देतं तेवढा वेळ थांबल्या, आणि चौकटीत 'ह' लिहिला. नंतरच्या पाच चिठ्ठ्याही त्याच खणात गेल्या.

नोकरी गेली तर पुढे काय, हे त्यांना शोधावं लागत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी नवरा विषमज्वरात गेला तेव्हा त्या भावाकडे, केशवरावांकडे आल्या होत्या. तिथं बारा वर्षं राहिल्या. त्याच घरात चूल सांभाळून त्यांनी उर्दूतून परीक्षा दिल्या, मराठीचं व्याकरण जुन्या पुस्तकांवरून स्वतःच शिकल्या, आणि नोकरी लागली तशी काचीगुड्याला एक खोली भाड्यानं घेतली. खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं. पण कुलूप त्यांचं होतं. पोस्टकार्ड हवं असलं तर कुणाला विचारावं लागत नव्हतं. आता केशवरावांचीही औरंगाबादला नेमणूक झाली होती आणि एप्रिलात ते घर हलवणार होते.

"वन्सं, तिकडच्या माजघराला खिडकी आहे म्हणे," पद्मावतीवहिनी एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "तुमचं अंथरूण तिथंच घालू. आता नक्को म्हणू नका."

वहिनी वाईट नव्हत्या, तीच तर अडचण होती. बाई "बघू" म्हणाल्या आणि त्याही तांदळातले खडे वेचू लागल्या.

त्यांना वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. मुलं निरोप घ्यायला येत, पाया पडत, बाई त्यांच्या डोक्यावर हात ठेवत आणि हाताला फक्त केस लागत. पोळी करपली तरी खात. पटावर खोटा 'ह' लिहिताना आपण खोटं करतोय असं मनात येई, पण ते भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातलं बोलणं कानावर यावं तसं येई.

जानेवारीत भारती आणि मुकुंद शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. भारती पुढे, मुकुंद तिच्या मागे.

"स्नेहसंमेलनाला आम्ही सिनेमा काढतोय, बाई," भारती म्हणाली. "मुकुंदच्या मामांचा सिकंदराबादला स्टुडिओ आहे. लग्नात फिरवतात तो छोटा कॅमेरा एका दिवसासाठी देणार आहेत."

"भुताचा आहे," मुकुंद मागून म्हणाला.

"किती मोठा?"

"चार मिनिटं. रीळच तेवढं आहे."

"चार मिनिटांत भूत येणार कधी आणि जाणार कधी?"

"येतच नाही, बाई. आम्ही नुसती सुरुवात करतोय," भारती म्हणाली. "पुढचं लोकांनी आपापल्या घरी जाऊन घाबरायचं."

गोष्ट तिनं वहीत लिहून आणली होती. रिकामा वर्ग. एक बाई येतात, पट उघडतात, हजेरी घेतात. समोर कुणीच नाही. पण एकेक नाव घेतलं की एकेका डेस्काचं झाकण आपोआप उघडतं आणि मिटतं. चित्राला आवाज नव्हता, म्हणून हजर मुलांनी झाकणानं बोलायचं.

"हे कुठून सुचलं तुला?"

भारतीनं मुकुंदकडे पाहिलं. मग खाली पाहत म्हणाली, "तुम्ही रोज करता ना, बाई. भामाचं नाव घेता, माधवचं घेता, आणि थांबता. तुम्हाला त्यांची आठवण येते, आम्हाला माहीत आहे. आम्ही कुणाला सांगितलं नाही."

महिनाभर चौदा मुलं गप्प बसली होती ती यामुळे. नोकरीसाठी केलेल्या लबाडीला पोरांनी माया समजून घेतलं होतं. तसं नाही म्हणावं, तर मग काय आहे ते सांगावं लागलं असतं.

"बाईचं काम कोण करणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच."

"बाईंना मेकपही नक्को," मुकुंद बोलून गेला. भारतीनं त्याला चिमटा काढला. इंदुमतीबाईंनी आपल्या पांढऱ्या पातळाकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

भुताचं चित्र रविवारी भर दुपारी घेतलं, कारण त्या कॅमेऱ्याला ऊन लागत होतं. खिडक्या सताड उघड्या, बाहेर गुलमोहरावर कावळे. झाकणांना शिवणाच्या तासाचा काळा दोरा बांधून तो छताच्या कड्यांतून ओवून मागे नेला होता, आणि शेवटच्या बाकाआड सहा जण एकेक टोक धरून उकिडवे बसले होते. पहिलं झाकण फाडकन उघडलं आणि दोरा तुटला.

"अरे, चपराशी उघडतोय का?" भारती ओरडली. "हळू! झोपेतून उठल्यासारखं उठलं पाहिजे ते."

"वजन किती आहे माहीत आहे का तुला? येऊन ओढ तू!" बाकाआडून कुणीतरी म्हणालं.

बिजागऱ्यांना साबण चोळला, दोरा दुहेरी केला. मग झाकणं खरोखरच जागी झाल्यासारखी उठू लागली. दोन मिनिटं झाल्यावर मुकुंदनं मामांचा कोट अंगावर ओढून त्याच्या अंधारात रीळ उलटं घातलं, आणि तेवढा वेळ कोटाखालून त्याचे नुसते सुस्कारे ऐकू येत होते.

"आता पट जवळून घ्यायचा," भारती म्हणाली. "मी एक वही आणलीय, पण ती पटासारखी दिसत नाही. खरा द्याल, बाई?"

बाईंनी खरा पट दिला. कॅमेरा वीतभर अंतरावर आला. पानाच्या माथ्यावर जानेवारी १९५७, खाली नावं. भारतीनं एका नावावर बोट ठेवलं. कळमकर माधव नामदेवराव. माधव डिसेंबरात नांदेडला गेला होता. त्याचे काका, वकील हिम्मतराव कळमकर, शाळेच्या मंडळावर होते आणि संमेलनाला पहिल्या रांगेत बसत.

"इथं 'ह' लिहा, बाई. सावकाश."

बाईंना सगळं कळत होतं. रीळ मुंबईला धुवायला जाईल, परत येईल, हॉलमध्ये लावतील, आणि गेलेल्या मुलाच्या नावापुढे त्यांचा हात हजेरी लावताना सगळे पाहतील. नको म्हणायला एक शब्द पुरला असता. कॅमेरा किरकिरत राहिला. त्यांनी सोमवारच्या कोऱ्या चौकटीत सावकाश 'ह' लिहिला.

तीन आठवड्यांनी मुकुंद धावत आला. "रीळ आलं, बाई! एकदम साफ. पटावरची अक्षरंसुद्धा वाचता येतात."

"तेवढं कापता येतं का?"

त्याचा चेहरा उतरला. "येतं. पण भारती म्हणते तेच सगळ्यात भारी आहे."

"मग असू दे," बाई म्हणाल्या.

संमेलन रविवारी होतं. हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. भिंतीवर बाई आल्या, ओठ हलले, आणि पहिलं झाकण उठलं. मुलं हसली. दुसऱ्या झाकणाला कमी हसली. चौथ्याला कुणी हसलं नाही, आणि पाचव्याला सहावीतली एक मुलगी किंचाळली तेव्हा मुख्याध्यापक अप्पारावसुद्धा खुर्चीत मागे सरकले. मग भिंतभर पट आला. भिंतीएवढं माधवचं नाव आणि त्यापुढे एक हात. इंदुमतीबाई मागच्या दाराशी उभ्या होत्या. पहिल्या रांगेत पान चघळणारा एक जबडा थांबला, एवढं त्यांना दिसलं.

टाळ्या खूप पडल्या. हिम्मतरावांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"बाई, आमचा माधव नांदेडला असतो असा आपला माझा समज होता."

बाईंनी पदर सावरला.

"परवाच पत्र आलंय त्याचं. तिकडची शाळा भिकार आहे म्हणतो. आणि इथं बघतो तर पठ्ठ्या रोज हजर!" ते मोठ्यानं हसले. मग मागेपुढे पाहून आवाज खाली आणला. "किती आहेत असे?"

"सहा."

"हं." त्यांनी कोपऱ्यात पिंक टाकली. "अप्पाराव तेलुगू माणूस, त्यांना मराठी वाचता येत नाही. उद्या संध्याकाळच्या बैठकीत पट मी मांडणार. वीस म्हणजे वीस. आपली माणसं चाललीच आहेत, निदान एक वर्ग तरी राहू दे या गावात. मी काही पाहिलं नाही. तुम्ही काही बोलू नका."

म्हणजे नोकरी राहिली. खोली राहिली, कुलूप राहिलं. घरी येऊन बाईंनी पिठलं-भात केला आणि खाल्ला. हायसं वाटेल म्हणून त्या थोडा वेळ बसून राहिल्या. काही आलं नाही, तेव्हा उठून त्यांनी भांडी घासली.

सोमवारी सकाळी त्यांनी पट उघडला. पहिली तीन नावं झाली. चौथं भामाचं. भामा परभणीला.

"भामा अंबाजी वाघमारे."

त्या थांबल्या.

"हजर, बाई."

पुढच्या बाकावरची सुशीला. चेष्टेचा सूर नव्हता. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, 'ह' लिहिला, पुढचं नाव घेतलं. माधवचं नाव आलं तेव्हा खिडकीजवळून मुकुंद म्हणाला, "हजर, बाई." पुढच्या चार जणांसाठी आणखी चार आवाज आले, प्रत्येक वेगळा, कुणाचं कोण हे ठरवून घेतल्यासारखे. वीस नावांना वीस उत्तरं मिळाली. एकही जागा रिकामी राहिली नाही. वर्ग आनंदानं बाईंकडे पाहत होता.

बाईंच्या दंडावर काटा आला. मानेखालून थंड काहीतरी उतरत गेलं आणि बोटं पेनावर घट्ट आवळली. कित्येक महिन्यांत अंगाला काही लागलं नव्हतं.

"हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, बाई," भारती उभी राहिली. "मीच वाटून दिलं. तुम्ही थांबता ते बघवत नाही. आता रोज देऊ आम्ही."

देतील, बाईंना दिसलं. उद्या देतील, जूनमध्ये देतील, नववीत आणि मॅट्रिकला देतील. त्यांच्यातलं एखादं गेलं की त्याचंही उत्तर राहिलेले देतील, आणि शेवटी एका मुलीच्या तोंडून वीस मुलं बोलत राहतील, आणि ती मुलगी समजेल की बाईंच्या मायेखातर.

"मला तुमची आठवण वगैरे येत नव्हती," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्याहून कोरडा निघाला. "म्हणजे त्यांची. पटावर वीस मुलं लागतात, नाहीतर माझी नोकरी जाते. म्हणून मी ती नावं ठेवली. खाली बस."

भारती उभीच राहिली. बाईंनी खणातल्या सहा चिठ्ठ्या काढल्या, तांबडी दौत उघडली आणि सगळ्यांदेखत सहा नावं खोडली. माधवच्या नावावर रेघ जरा जाड झाली.

मग त्या पट घेऊन अप्पारावांच्या खोलीत गेल्या.

"चौदा हैं, साब," त्या म्हणाल्या.

अप्पारावांनी चष्मा वर केला. त्यांना अक्षरं वाचता येत नसली तरी तांबड्या रेघा मोजता येत होत्या. "क्या बाई, हिम्मतराव साब तो अभी फोन पे बीस बोले."

"उनो गलत बोले. मैंच गलत लिखी थी."

"मालूम है ना, फिर क्या होता?"

"हौ, साब."

अप्पारावांनी पट आपल्याकडे ओढला. खोट्या हजेरीबद्दल काही लिहावं लागेल, असं ते हळूच म्हणाले, आणि मग काहीच न लिहिता त्यांनी शेवटच्या रेघेखाली सही केली.

बाई वर्गात परत आल्या. भारती खिडकीबाहेर पाहत होती, आणि बाई आल्या तरी तिनं मान वळवली नाही. बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर धड्याचं नाव लिहायला हात वर केला. ओळ वाकडी गेली. मुलांनी ती वह्यांत उतरवून घ्यायला सुरुवात केली. भारतीनं वही उघडली नाही.