उशाशी बसलेल्या बाईचं लुगडं

लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा मला मोडी वाचता येत होती, आणि तेवढ्या एका गोष्टीवर मला काम मिळालं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या एक प्राध्यापक बाई जुन्या मृत्युपत्रांचा अभ्यास करत होत्या. संस्थानाच्या काळात, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी, इथल्या व्यापारी घरांतली माणसं मरताना कुणाला काय देऊन जायची, बायकांच्या वाट्याला त्यातलं काय यायचं, हे त्यांना शोधायचं होतं. मोडी त्यांनाही येत होती, पण डोळ्यांच्या ऑपरेशननंतर ती पुसट अक्षरं त्यांना झेपेनात. म्हणून मी दप्तरखान्यात बसून कागद वाचायचे, बाळबोधीत उतरवायचे आणि बाई पुण्याहून आल्या की त्यांच्या हाती द्यायचे, असं ठरलं.

कागद रुमालात बांधलेले असत. पहिला रुमाल सोडून पहिली घडी उलगडली, तर बारीक वाळू माझ्या मांडीवर सांडली. ओली शाई सुकावी म्हणून लिहिणाऱ्यानं ती टाकली होती. त्यानंतर ती घडी कुणी उघडलीच नव्हती. मला उगाच वाटलं, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण आपण काढतोय.

पुढं सवय झाली. मरणारा सांगायचा आणि लिहिणारा तसंच उतरवायचा, त्यामुळं कागदातून माणूस बोलल्यासारखा वाटे. सुरुवात ठरलेली, की मी शुद्धीवर आहे, स्वखुशीनं सांगतो आहे. मग घर, दुकान, तांब्याची भांडी, म्हशी. काहींचा राग मरतानाही गेलेला नसायचा. एकानं धाकट्या मुलाला फक्त आपल्या वहाणा ठेवल्या होत्या, आणि त्या त्याला होणार नाहीत हेही लिहून घेतलं होतं. मी एकटीच हसले होते.

आज जिला शिवाजी पेठ म्हणतात, तिथल्या एका गल्लीतली मृत्युपत्रं एकाच रुमालात होती. त्यातलं एक जैन कापड व्यापाऱ्याचं होतं. सगळी वाटणी सांगून झाल्यावर शेवटी एक ओळ होती. ‘उशाशी बसली आहे त्या बाईस एक लुगडे द्यावे.’ मी ती उतरवली आणि पुढं गेले. काही दिवसांनी त्याच गल्लीतल्या एका लिंगायत तेल व्यापाऱ्याचं मृत्युपत्र निघालं. लिहिणारा वेगळा, अक्षर वेगळं. ‘उशाशी बाई बसते तिजला लुगडे द्यावे. नाव पुसता सांगत नाही.’ मी मागचा कागद परत काढून पाहिला. त्यानंतर मात्र मी ती ओळ शोधायलाच लागले, आणि ती सापडत गेली. सगळ्यांत नाही, पण बऱ्याच. कुठं लुगडं हिरवं द्यावं म्हटलेलं, कुठं नुसतं चांगलं द्यावं. पहिल्या मृत्युपत्रातल्या माणसाचे नातू शेवटच्यावर साक्षीदार होते. म्हणजे एकच बाई एवढा काळ उशाशी बसत आली, हे शक्य नव्हतं.

प्राध्यापक बाईंना दाखवलं तेव्हा त्यांना आनंद झाला. त्या म्हणाल्या, हा गल्लीचा रिवाज असणार. मरणाऱ्याची सेवा करायला एखाद्या घरातली बाई येत असेल, आईमागून लेक हेच काम करत असेल, आणि तिचं नाव कागदावर घालायची पद्धत नसेल. मला ते पटलं. आजही ते पटण्यासारखंच आहे.

मग मला त्या हरकतीचा कागद सापडला. मृत्युपत्र दरबारच्या कचेरीत दाखल झालं की वारसांचं म्हणणं घेतलं जाई. एका मुलानं हरकत घेतली होती, की वडिलांजवळ कोणी बाई नव्हती, आम्ही घरचीच माणसं होतो, सबब लुगडं देणं नाही. कचेरीनं त्याचं ऐकलं होतं. आणि त्याच रुमालात, थोडं खाली, त्याच मुलाचं स्वतःचं मृत्युपत्र होतं. मधे फारसा काळ गेलेला नव्हता. त्यात शेवटी लिहिलं होतं, ‘उशाशी बाई बसली आहे तिजला दोन लुगडी द्यावी. एक माझे व एक वडिलांचे राहिलेले.’

मी रुमाल तसाच टाकून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले. शिपायानं विचारलं, लाइट गेली का आत. मी हो म्हणाले.

घरी मी हे कुणाला सांगितलं की नाही, हे मला आठवत नाही. पुढं जे झालं त्यात हीच गोष्ट महत्त्वाची होती, आणि तीच आठवत नाही.

आम्ही कळंब्याला राहायचो. घरात मी, नवरा आणि त्याचे आईवडील. सासूला आमच्यात आत्ती म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्तींचं माहेर सीमेवरचं, बोलणं रोखठोक. मामांची उमर फाउंड्रीत गेली होती आणि छाती त्या धुरानं धरली होती. त्या पावसाळ्यानंतर ते अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. नवरा कागलच्या एमआयडीसीत होता, त्याच्या पाळ्या असत. दुपारी मामांजवळ आत्ती नाहीतर मी.

एका दुपारी मामांनी मला कागद घेऊन बोलावलं. वकिलाला द्यायच्या आधी सगळं नीट सांगून ठेवतो म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण डोकं ठिकाणावर होतं. घर आत्तींच्या नावावर, त्यांच्यानंतर मुलाचं. गावाकडचा जमिनीचा तुकडा पुतण्याला, कारण तो कसतो. मी लिहीत होते. मग ते म्हणाले, “आनि त्या बाईला एक लुगडं द्यायचं. चांगलं घ्या, नुसतं नावाला नको.”

मला वाटलं, भांड्याला येणाऱ्या मावशींबद्दल बोलतायत. तसं विचारलं.

“तिला कशाला? तिला पगार देतोय की आपन.” त्यांनी मान न हलवता डोळे उशाकडं वळवले. “ही बसलीया ती.”

उशाशी लाकडी खुर्ची होती. तिच्या पाठीवर त्यांचा टॉवेल वाळत टाकलेला होता. खुर्ची रिकामी होती.

“कधीपासून बसल्यात?” मी विचारलं. मी आदरानं का बोलले, कळलं नाही.

“लई दिस झालं. बोलत न्हाई. नाव इचारलं तर नुसती हसती.”

डोक्यावर पंखा फिरत होता. बाहेर भाजीवाली ओरडत चालली होती. मी मान खाली घालून ते वाक्य लिहिलं. कागदाची घडी करताना बघितलं, तर मामांच्या तोंडचे शब्द मी लिहिलेच नव्हते. मी लिहिलं होतं, ‘उशाशी बसली आहे त्या बाईस एक लुगडे द्यावे.’

नवरा संध्याकाळी आला तेव्हा त्याला सांगितलं. तो घाबरला नाही, माझ्यावरच वैतागला. तू जेवताना तुझ्या कागदांचं काहीतरी बोलली असशील, ते मामांच्या डोक्यात बसलं, असं त्याचं म्हणणं. आत्ती भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “कवा बोलली ती? मी तर न्हाई ऐकलो.” मी आठवून आठवून दमले. नवऱ्यानं मग विषय बदलावा तसं सांगितलं, की मामांना लहानपणीचं आठवत असेल, त्यांच्या जुन्या घराजवळ अशी कुणी म्हातारी असेल. मी विचारलं, जुनं घर कुठल्या गल्लीत होतं. शिवाजी पेठेत, वाटण्या होईपर्यंत, एवढं मला माहीत होतं. त्यानं गल्ली सांगितली. तीच गल्ली होती.

वकील नवऱ्याच्या ओळखीचे होते. त्यांनी सगळं टाइप करून आणलं आणि लुगड्याचं वाक्य गाळलं. नाव नाही, पत्ता नाही, अशा माणसाला मृत्युपत्रानं काही देता येत नाही, असं ते समजावून सांगत होते. मामांनी ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. “त्येवडं लिवा, न्हाईतर ऱ्हाऊ दे सगळंच.” वकिलांनी आमच्याकडं बघितलं. शेवटी त्यांनी ती ओळ हातानं खाली लिहिली आणि मामांनी सही केली.

त्यानंतर त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. आत्तींनी आपली चटई पायाकडं घातली. त्या चहा घेऊन आत आल्या की खुर्चीला वळसा घालून जायच्या, बसलेल्या माणसाला पाय लागू नये म्हणून जावं तसं. भेटायला आलेल्या पाहुण्यांना दुसरी खुर्ची आणून द्यायच्या. मी हे बघत होते आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. खोलीत एकटीनं जायची वेळ आली की मी आधी दारातच काहीतरी बोलायचे, मामा जागे आहात का वगैरे, आणि मग आत पाऊल टाकायचे.

मामा एका दुपारी गेले. आम्ही तिघंही जवळ होतो. नवऱ्यानं त्यांचा हात धरला होता, आत्ती पाय चोळत होत्या. मामांनी शेवटी मान वळवली ती आमच्याकडं नाही, उशाकडं वळवली. चेहऱ्यावर त्रास नव्हता. कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि ते कान देऊन ऐकतायत, असं वाटलं.

माती झाली, आलेले पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मग लुगड्याचा विषय निघाला. नवरा म्हणाला, एखाद्या गरीब बाईला देऊन टाकू, त्यांच्या नावानं पुण्य. तेव्हा मी दोघांना त्या हरकतीची आणि दोन लुगड्यांची हकिगत सांगितली. यावेळी मात्र मी ती सांगितली हे नक्की आठवतं, कारण नवऱ्याचा घास ताटातच राहिला.

दुसऱ्या दिवशी आत्ती रिक्षा करून महाद्वार रोडला गेल्या आणि हिरवं इरकली लुगडं घेऊन आल्या. नऊवारी, चांगल्यातलं. मामांची खोली झाडून घेतली, लुगडं खुर्चीवर ठेवलं, वर नारळ ठेवला. बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि दारासमोरच तांदूळ निवडत बसल्या. मी स्वयंपाकघरात होते. त्या कुणाशी तरी बोलतील की काय, म्हणून मी नळही सोडला नाही. त्या बोलल्या नाहीत. तांदूळ निवडून झाल्यावर सूप बाजूला ठेवलं, उठल्या, दार उघडलं आणि मला हाक मारली.

नारळ खुर्चीवर होता. लुगडं नव्हतं.

त्या खोलीला बोळाच्या बाजूनं खिडकी होती, गजांची. संध्याकाळी नवऱ्यानं बोळात जाऊन बाहेरून गजातून हात घातला आणि खुर्चीपर्यंत पोचतो का ते बघितलं. बोटं जेमतेम टेकली. तो घाम पुसत आत आला आणि म्हणाला, कुणीही नेलं असेल, हात पोचतो. त्याला बरं वाटलेलं दिसत होतं. नारळ खुर्चीवरून खाली का पडला नाही, हे मी त्याला विचारलं नाही.

“पोचलं न्हवं?” आत्ती म्हणाल्या. “मग झालं.”

प्राध्यापक बाईंना मी सांगितलं की मला मृत्युपत्रं नकोत, जमिनीचे कागद द्या. त्यांनी ते दिले. पुढं त्यांचा लेख छापून आला. त्यात त्या रिवाजाबद्दल एक परिच्छेद होता, नीट, जबाबदारीनं लिहिलेला, आणि शेवटी माझे आभार होते. मी तो आत्तींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, असंल की तसंबी.

आत्ती नंतर बरीच वर्षं आमच्यात होत्या. घरात मोबाइल आले, माझी मुलगी शाळेत जायला लागली. मग एका उन्हाळ्यात त्या बहिणीच्या गावी लग्नाला गेल्या. सकाळी अंघोळ केली, वेणी घातली, जरा पडते म्हणून आतल्या खोलीत गेल्या, आणि जेवायला उठवायला बहीण गेली तर उठल्या नाहीत. त्यांना काही लिहून ठेवायची वेळच आली नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा मांडव तसाच होता, वाजंत्री थांबवलेली. नवऱ्यानं मावशीला, आत्तींच्या त्या बहिणीला, पहिला प्रश्न हाच केला. “जवळ कोन होतं तिच्या?”

मावशी म्हणाली, कुणीच नव्हतं, सगळे मांडवात होते. बापाच्या वेळी डोळ्यांतून टिपूस न काढलेला माझा नवरा तिथंच पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मावशीला वाटलं, आपल्यावर ठपका ठेवतोय; तो त्या उशाशी बसणाऱ्या बाईबद्दल विचारत होता, हे मलाच कळलं. ती घाबरून परत परत सांगत राहिली, की हाक आली असती तर ऐकू आली असती. मी तिला आत घेऊन गेले आणि दोघी मिळून आत्तींना अंघोळ घालायला पाणी तापत ठेवलं.