गोधडी उपाशी राहू नये म्हणून

माझ्या बायकोच्या आत्यांच्या लेखी जगातलं सगळं कापड दोनच प्रकारचं होतं: गोधडीत गेलेलं आणि गोधडीत जायचं राहिलेलं. सुती की रेशमी, कुणाच्या अंगावर आहे की कुणाच्या खिडकीवर, हा तपशील त्या गौण मानत. दारात माणूस आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. आत्या त्याच्या बाहीकडे बघत आणि ‘या, बसा’ म्हणता म्हणता ती बाही अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळून पाहत. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या आमच्या घरी जे मराठी लोक जेवून गेले, त्यांतल्या बहुतेकांना आपलं स्वागत फार मायेनं झालं असं वाटे. ती माया नव्हती. ती पाहणी होती.

आत्यांचा मुलगा टेक्सासमध्ये, प्लेनोला होता. वाईच्या प्राथमिक शाळेतून आत्या निवृत्त झाल्यावर त्यानं आईला कायमचं बोलावून घेतलं आणि आपल्या ऐसपैस घरात तिला स्वतंत्र खोली दिली. रीतीप्रमाणे आत्यांनी तिथंच राहायला हवं होतं. पण पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी निकाल दिला, “तिथली थंडी नुसती म्हणायला. गोधडी पांघरावी तर घाम फुटतो.” तेव्हापासून थंडीला भिऊन पक्षी दक्षिणेला निघाले की आत्या त्यांच्या उलट दिशेनं उड्डाण करत. ऑक्टोबरअखेर मी त्यांना आणायला विमानतळावर जाई. एका बॅगेत चार लुगडी आणि दोन बॅगांत चिंध्या. एकदा त्यातली एक बॅग सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर फुटली. तीन फेऱ्या होईपर्यंत मी चारचौघांत परकरांचे, बनियनांचे आणि कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाचे तुकडे वेचत होतो. आत्या बाजूला उभ्या राहून ते मोजून घेत होत्या. “निळा एक कमी आहे,” त्या म्हणाल्या आणि आम्ही चौथ्या फेरीसाठी थांबलो.

घरात आल्या की आठवड्याभरात त्या आमची कपाटं तपासत. माझी एक तपकिरी कॉर्डरॉयची पँट होती. देखणी नव्हती, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिवसभर पुस्तकांच्या याद्या करणाऱ्या माणसाला जेवढा रुबाब लागतो तेवढा ती देत असे.

“जावईबापू, ही पँट तुम्हाला होत नाही.”

“आत्या, मी ती कालच घातली होती.”

“घातली होती. पण होत नव्हती.”

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “देऊन टाका ना अहो, आत्या काही उगाच म्हणत नाही.” पुढच्या धुण्यानंतर ती पँट दिसेनाशी झाली. आमच्या मुलीनं आपला फ्रॉक वाचवण्यासाठी “आजी, नो! आय स्टिल वेअर इट!” असा आक्रोश केला, तेव्हा आत्यांनी तिची उंची भिंतीवर पेन्सिलीनं मांडली आणि “संक्रांतीला बघू,” म्हणून मुदत दिली. संक्रांतीला फ्रॉक आखूड झाला. मूल वाढावं म्हणून इतक्या चिकाटीनं वाट बघणारी आजी मी दुसरी पाहिली नाही.

दिवाणखाना तर आमचा राहिलाच नव्हता. जमिनीवर गोधडी पसरलेली, मध्ये पाय दुमडून बसलेल्या आत्या, आणि आम्ही घरची माणसं भिंतीला पाठ घासत पलीकडे जातोय. कापडाचे कोपरे हलू नयेत म्हणून त्यावर ठेवलेले माझे शब्दकोशाचे खंड. पुस्तकं जड असतात, एवढंच त्यांचं वाङ्मयाबद्दलचं मत मला कधी ऐकायला मिळालं. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत अध्यक्षमहाशयांनी परदेशातील संस्कृतिरक्षण या विषयावर चाळीस मिनिटं भाषण केलं. पहिल्या रांगेत बसलेल्या आत्या एकटक बघत होत्या, त्यामुळे ते जास्तच खुलले. नंतर ते स्वतःहून भेटायला आले. आत्यांनी त्यांच्या खांद्यावरच्या रेशमी उपरण्याचं टोक चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, “हे विटलं की मला द्या हं.” मंडळात पुढे दोन वर्षं मला कुणी कार्यकारिणीत घेतलं नाही, याबद्दल मी आत्यांचा ऋणी आहे. उपरणं मात्र आलं. अध्यक्षांच्या पत्नीनं ते गुपचूप पाठवलं.

एकदा धुतलेली गोधडी आत्यांनी मागच्या कुंपणावर वाळत टाकली. पलीकडच्या घरात डॉरथी नावाची सत्तरीची बाई राही. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेला, पोटऱ्यांवर निळ्या शिरा, बोलणं थोडं. ती कुंपणापाशी आली आणि तिनं गोधडीचा कोपरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळला. आत्या खिडकीतून बघत होत्या. त्यांनी चहाचं आधण वाढवलं. डॉरथीची त्या दिवशी डोराबाई झाली. आत्या तिच्याशी मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळे. दुभाष्याची गरज नव्हती. पण ड्रायव्हरची होती, कारण डोराबाई दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात क्विल्ट शिवणाऱ्या बायकांच्या मंडळात जात असे आणि आता आत्यांनाही तिथं जायचं होतं. दोघींनाही ड्राइव्ह करता येत नव्हतं. त्या मंगळवारपासून माझी संध्याकाळ संपली.

त्या तळघरात लांब टेबलाभोवती अकरा खुर्च्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला कापडाचं कव्हर आणि त्यावर त्या त्या बाईचं भरतकाम केलेलं नाव. पाहुण्यांनी भिंतीकडच्या लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर बसायचं. टेबलाच्या टोकाला मार्गारेट नावाच्या बाई बसत. ताठ मान, गळ्यात मापाची पट्टी, भिंतीवर त्यांच्या हातची बारा नियमांची चौकट. शिवण पाव इंचच हवी, हा पहिला नियम. आत्यांनी त्यांना पहिल्याच दिवशी ‘मोठ्या बाई’ करून टाकलं. आमच्या शाळांमधून मुख्याध्यापिकेला म्हणतात तशा.

मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचा बेत केला होता. दुसऱ्या पानावर डोराबाईनं माझ्यापुढे सुई धरली. मला चष्म्याशिवाय जवळचं स्वच्छ दिसतं, ही बातमी टेबलभर पसरली. दोन विषयांत एम.ए. झालेला मी पुढचे सगळे मंगळवार बारा म्हाताऱ्यांच्या सुयांत दोरे ओवत बसलो. पुस्तकाचं तिसरं पान मी अजून वाचलेलं नाही.

आत्यांचं आणि त्या मंडळाचं पहिल्याच दिवशी बिनसलं. तिथल्या बायका दुकानातून कोरं कापड आणत, ते नीट धुऊन इस्त्री करत, मग त्याचे तुकडे करत आणि ते तुकडे परत जोडत. आत्यांनी हे बराच वेळ पाहिलं.

“जावईबापू, ह्यांना विचारा, धडधाकट कापड कशाला कापलं?”

मी विचारलं. नक्षीसाठी, असं उत्तर आलं.

“आणि कापड आधी कुणी नेसलं-ल्यालं होतं?”

कुणीच नाही.

“मग थंडीत ह्याच्याखाली झोपायचं कुणाबरोबर?” आत्या म्हणाल्या. ह्याचं भाषांतर मी केलं नाही. उलट त्या बायकांनाही आत्यांचं काही पटत नव्हतं. पट्टी नाही, आराखडा नाही. वितीनं माप घ्यायचं, कडेपासून धावदोरा घालत घालत आत आत जायचं, आणि मध्यावर पोचलं की संपलं. मार्गारेटबाईंनी पट्टी लावून पाहिली. एकही टाका पाव इंचात बसेना. पण अध्यक्षांच्या रेशमी उपरण्यावर मात्र त्यांचं बोट दोनदा फिरलं.

आत्यांना त्या टेबलाशी खुर्ची हवी होती. नाव घातलेली. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण परतताना गाडीत त्या म्हणत, “लोखंडावर कंबर धरते हो.” आणि जरा वेळानं, “बारावीला जागा आहे तिथं. मी बघितलं.” पस्तीस वर्षं शाळेच्या वर्गात खुर्चीवर बसलेल्या बाईला परक्या देशात चर्चच्या तळघरातली एक खुर्ची एवढी का हवी, असं मला वाटे. पण नियम स्पष्ट होता. वसंतातल्या प्रदर्शनात जिची क्विल्ट परीक्षकांपुढे मांडली जाईल, तिलाच खुर्ची. तो सगळा हिवाळा आत्या एका गोधडीवर बसल्या. माझी पँट, मुलीचा फ्रॉक, माझ्या सासूबाईंचं लुगडं, उपरणं, आणि विमानतळावरच्या चौथ्या फेरीत सापडलेला तो निळा तुकडा.

प्रदर्शन शनिवारी होतं. गुरुवारी गोधड्या तळघरात टांगल्या. शनिवारी बाहेरगावच्या परीक्षकबाई पांढरे हातमोजे घालून आल्या. आत्यांच्या गोधडीपाशी त्या थांबल्या, मागं झाल्या, परत पुढं आल्या आणि त्यांनी खालचा कोपरा उचलला. कोपरा नव्हता. तिथं भोक होतं, आणि पांढऱ्या हातमोज्यावर पोळीचा भुगा.

उंदरानं कुरतडलं होतं. पंचवीस क्विल्टांपैकी नेमकी हीच, कारण हिच्याच कोपऱ्यात जेवण होतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. क्विल्टमध्ये ब्रेड? मार्गारेटबाईंचा चेहरा पट्टीसारखा झाला. मी इंग्रजीत म्हणालो की वय झालंय, चुकून पडलं असेल, मिस्टेक झाली.

मिस्टेक हा शब्द मराठीत राहायला येऊन बरीच वर्षं झाली आहेत, हे मी विसरलो होतो.

“कुणाची मिस्टेक?” आत्या म्हणाल्या. “जावईबापू, मी मुद्दाम घातलाय तो घास. नीट सांगा त्यांना.”

“आत्या, इथं नको, घरी गेल्यावर...”

“इथंच. मी सांगते, तुम्ही त्यांच्या भाषेत करा.”

मग त्या सांगत गेल्या आणि मी करत गेलो. गोधडी पुरी झाली की शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा नाहीतर भाकरीचा नखाएवढा तुकडा शिवायचा. त्याला घास म्हणतात. गोधडी उपाशी ठेवायची नाही. ती उपाशी राहिली तर तिच्याखाली निजणारा उपाशी निजतो. माझ्या आईनं घातला, तिच्या आईनं घातला. मोठ्या बाईंना म्हणावं, मी घास घातल्याशिवाय गोधडी दिली नाही, देणारही नाही.

मग डोराबाई म्हणाली, “आम्ही मंदीच्या दिवसांत पिठाच्या पोत्यांच्या क्विल्टखाली झोपायचो. सहा भावंडं. क्विल्ट चांगल्या होत्या. उपाशीच झोपायचो. त्यांना खायला घालायचं आईला सुचलं नाही.”

मी ते आत्यांना मराठीत सांगितलं. आत्यांनी डोराबाईचा हात धरला. परीक्षकबाईंनी नाक पुसलं, पण हातमोज्यानं, त्यामुळे भुगा नाकाला लागला. मार्गारेटबाई भिंतीपाशी गेल्या, सातवा नियम मोठ्यानं वाचला: चारही कोपरे शाबूत हवेत. गोधडी बाद झाली. आत्यांनी ती स्वतः उतरवली, घडी केली. “उंदीर जेवला,” गाडीत त्या एवढंच म्हणाल्या. “कुणीतरी जेवलं.”

पुढच्या मंगळवारी सव्वासहाला मी कोट चढवला. आत्या खिडकीशी बसून होत्या, हातात सुई नाही. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि ज्या संध्याकाळसाठी मी हिवाळाभर तळमळलो ती आयती मिळत असून मला घरात थांबवेना.

“मी नाही यायची. लोखंडावर कंबर धरते.”

“तिथं अकरा जणी सुया घेऊन बसल्या असतील. त्या ओवायच्या कुणी?”

“तुम्हाला हो कसली एवढी काळजी?”

“लागली सवय.”

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या कोटाकडे. “अस्तर विरलंय.”

“घ्या. पण आधी चला.”

तळघरात टेबलाशी बारा खुर्च्या होत्या. बारावी लोखंडाचीच होती, पण पाठीला कव्हर होतं आणि त्यावर लाल दोऱ्यात आत्यांचं नाव. कव्हर तपकिरी कॉर्डरॉयचं. माझ्या पँटचा उरलेला पाय डोराबाईनं कधी मागून नेला होता, कोण जाणे. मी भिंतीवरच्या नियमांकडे पाहिलं. मार्गारेटबाई मान न वळवता म्हणाल्या, “परीक्षकांपुढे मांडलेली असावी, एवढंच नियमात आहे. मांडली होती. बादसुद्धा त्याशिवाय करता आली नसती.”

आत्यांनी कव्हर काढून घेतलं आणि सवयीप्रमाणे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चाचपलं. एका कोपऱ्यावर त्यांची बोटं जरा थांबली. मग त्यांनी ते परत चढवलं, बसल्या आणि मला म्हणाल्या, “टाके बारीक घालतात मोठ्या बाई. शिकतील हळूहळू.”

त्या खुर्चीवर त्या आणखी चार हिवाळे बसल्या. नंतर एका उन्हाळ्यात, प्लेनोच्या त्या बिनथंडीच्या घरात त्या गेल्या. बाद झालेली गोधडी नवा कोपरा लावून आमची मुलगी कॉलेजच्या होस्टेलवर घेऊन गेली. तिथं ती कुणाला हात लावू देत नाही म्हणे. ऑक्टोबर आला तेव्हा कुणाला आणायला जायचं नव्हतं. त्याच सुमारास मार्गारेटबाईंचं पार्सल आलं. आत खुर्चीचं कव्हर आणि दोन ओळींची चिठ्ठी: खुर्ची आम्ही रिकामी ठेवली आहे, नाव घरी असावं.

मी ते कव्हर नकळत चिमटीत धरून चोळलं. इतक्या वर्षांत मलाही ती खोड लागली असावी. खालच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. दाबलं तर कुरकुरलं. खारं बिस्किट असावं, नखाएवढं, आणि त्याच्या चारही बाजूंनी शिवण. मी पट्टी लावून पाहिली. बरोबर पाव इंच.

आत्या त्याबद्दल मला कधी एक अक्षर बोलल्या नाहीत.

कव्हर मी दिवाणखान्यातल्या कपाटात, शब्दकोशाच्या खंडांशेजारी ठेवलं आहे. हल्ली त्या बाजूला खुडबुड ऐकू येते. “अहो, पिंजरा आणा,” असं बायको दोन महिने सांगते आहे. मी अजून आणलेला नाही.