खाल्लेले ससाणे

मी एकदा ससाणे खाल्ले. एखाददुसरा नाही, चांगले मूठभर. हळद-मिठातले, खमंग भाजलेले. नातवंडांना हे सांगितलं की ती आधी हसतात आणि मग जरा लांब सरकून बसतात.

तेव्हा मी नवी सून होते आणि स्वतःला फार हुशार समजायचे. कॉलेजात वादविवादाची ढाल मिळवली होती. ती मी लग्नात सामानाबरोबर सासरी आणली आणि घड्याळाशेजारी ठेवली. सासूबाई रोज ती पुसायच्या, आणि पुसताना म्हणायच्या, "वरण करपलं तरी ढाल लखलखीत हवी."

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. दरवर्षी होळी झाली की ते पहाटेच्या एसटीनं वणीच्या बाजूला जायचे आणि तिथल्या एका डोंगराच्या सोंडेवर दिवसभर बसून ससाणे मोजायचे. हिवाळा आपल्याकडे काढलेले हे पक्षी फाल्गुनात उत्तरेकडे परत निघतात. मोजा म्हणून मामंजींना कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "पाहुणे निघाले की दारापर्यंत जावं."

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात मामंजींच्या छातीनं दगा दिला. चार पायऱ्या चढले तरी धाप लागायची. डॉक्टरांनी डोंगराचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण आधीची काही वर्षं त्यांना ससाणे कमी कमी दिसत होते. ते खरंच कमी झालेत की आपली नजर गेली, एवढं त्यांना एकदा कळायला हवं होतं. पुढच्या वर्षी जा, असं घरात कुणी म्हणालं नाही. पुढच्या वर्षाचा विषय सगळेच टाळत होते.

"हिला न्या," सासूबाई म्हणाल्या. "हिचे डोळे तरुण आहेत. आणि कुठे कोसळलात तर सांगायला कुणीतरी हवं."

मोजायची त्यांची रीत साधी होती. आकडा डोक्यात धरला की डोळा चुकतो, म्हणून एका पिशवीत चिंचोके ठेवायचे आणि दर पक्ष्यामागे एक चिंचोका दुसऱ्या पिशवीत टाकायचा. चिंचोके घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी कंगवा घेतला, आरसा घेतला, पावडरचा डबाही घेतला. डोंगरावर मला कोण बघणार होतं कोण जाणे. चिंचोके ओट्यावर राहिले.

"फुटाणे चालतील की, मामंजी," मी शिदोरी चाचपत म्हणाले. उपाय सुचला म्हणून स्वतःवर खूश.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालतील. फक्त फुटाणे खायचे असतात."

ती चढण मला अजून आठवते. वणव्यानं गवत जळून गेलेलं, पाय टाकला की राख उडायची. मामंजी थोडं चालायचे, छत्रीवर रेलून उभे राहायचे, आणि देखावा बघतोय असं दाखवायचे. देखावा काही नव्हता. खाली करडी शेतं, आणि सुरगाण्याकडच्या मजुरांना द्राक्षांच्या तोडणीसाठी निफाडकडे नेणाऱ्या जीपा.

वर घोंगडी अंथरून बसलो. मी आभाळात ठिपका शोधायचा, ते दुर्बिणीतून पाहून "धर" म्हणायचे, की मी एक फुटाणा मांडीवरच्या पिशवीत टाकायचा. समोरचा सुळका ओलांडला तरच पक्षी धरायचा, नाहीतर गिरक्या घेणारा एकच दहादा मोजला जातो. मी उत्साहानं पहिलाच ठिपका दाखवला.

"घार आहे. शेपटीला खाच बघ. ती इथलीच, तिला कुठे जायचंय."

सरपणाची मोळी घेऊन एक बाई जवळून चालली होती. "काय मोजता, बाबा?"

"ससाणे."

"आन् मोजून काय करता?"

"काही नाही."

"लय बरं हाय," म्हणून ती निघून गेली.

दुपार झाली. ऊन तापलं की पक्षी वाढतील, असं मामंजी म्हणाले होते. ते वाढले नाहीत. बऱ्याच वेळानं एक, मग पुन्हा नुसतंच पांढरं आभाळ. भाकरी सकाळीच संपलेली. माझा हात पिशवीत कधी गेला ते मला कळलं नाही, देवाशपथ. न मोजलेल्या फुटाण्यांची पिशवी पाठीशी होती, मांडीवर मोजलेल्यांची. वादविवादाची ढाल मिळवलेली मुलगी आभाळाकडे बघत एकेक ससाणा चावत होती.

उन्हं कलली तेव्हा ते म्हणाले, "आण पिशवी."

पिशवी हलकी लागली. आत पाच-सहा फुटाणे आणि साली. ते रुमाल पसरायला वळले, तेवढ्यात मी पाठीशी हात घालून न मोजलेल्यांतल्या दोन मुठी हिच्यात ओतल्या.

त्यांनी रुमालावर सगळे सावकाश मोजले.

"भरपूर आलेत," ते म्हणाले. "म्हणजे माझी नजरच गेली."

घरी त्यांनी हेच सासूबाईंना सांगितलं, अगदी हसून.

"डोळे गेले त्याचं एवढं कौतुक?" सासूबाई म्हणाल्या.

"ससाणे आहेत ना. मग झालं."

मी स्वयंपाकघरात परात घासत राहिले. घासलेलीच परात.

वैशाखात त्यांनी अंथरूण धरलं, ते पावसाळ्याआधीच गेले. त्या सोंडेवर मी पुन्हा गेले नाही. आधी बाळंतपण होतं, मग दुसरं, मग सासूबाईंचे गुडघे, मग माझे. चिंचोके अजून डब्यात आहेत. त्या वर्षी ससाणे किती गेले हे कुणालाच माहीत नाही, आणि ते कळण्याची एकमेव संधी माझ्या पोटात गेली.

एवढं मात्र केलं, की त्यांच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी पेज भरवताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पिशवीचं, मुठींचं, सगळं. त्यांनी पेजेचा घोट गिळला, धाप ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले,

"फुटाण्यांचा आवाज होतो, सूनबाई. पुढच्या वर्षी जाशील तेव्हा चिंचोके ने."